आधी बाबांची बाजू

सर, बाबा हो म्हणाले. यंदाची दिवाळीनंतरची मंडई आटोपली की मोहाडीचं घर बंद करून ते माझ्याकडे नागपूरला राहायला येणार आहेत. आई गेल्यापासून मी ज्यासाठी त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते ते एकदाचं जमलं, आणि जमलं ते तुमच्याच पद्धतीनं. म्हणून ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगावीशी वाटली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही मनासारखं घडलं की मला अजून त्या स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभं राहावंसं वाटतं. तुम्ही पेपर तपासत असायचात. मान वर न करता, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून नुसतं "बोल" म्हणायचात. तो "बोल" ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

आम्हाला अकरावीला तुम्ही इंग्रजी शिकवायला आलात तेव्हा आमच्या लेखी इंग्रजी म्हणजे गाइड. त्यातही व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा प्रश्न तर हक्काच्या मार्कांचा. एक बाजू छापलेली असते, तिच्या उलट आपण लिहायचं, आणि उलट काय लिहायचं तेही गाइडात छापलेलं असतं. वाहतूक कोंडीवरचा तो निबंध मी शब्दन् शब्द पाठ करून उतरवला होता. आमच्या शहरातले नागरिक रोजच्या ट्रॅफिक जॅमला कसे कंटाळले आहेत, वगैरे. तुम्ही मला उभं केलंत. "मोहाडीत ट्रॅफिक जॅम कुठं पाहिला तू?" वर्ग हसला. मी पण हट्टाची. म्हटलं, "बाजाराच्या दिवशी होते न सर." मला वाटलं आता छडी येणार. तुम्ही मात्र खूश होऊन टेबलावर थाप मारलीत. "मंग थो लिही न! नागपूरचा जॅम कायले उसना आणते?"

मग मी बाजाराचा जॅम लिहिला. भाजीवाल्या बाया ऐन रस्त्यावर पाल पसरून बसतात, त्यामुळे भंडाऱ्याची बस अडते, त्यांना उठवलं पाहिजे. तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "त्या बाईचं काय म्हणणं हाय?" मी म्हटलं, ते मला काय माहीत. "मंग जा, पुसून ये. तिची बाजू लिही, तिले वाचून दाखव. ते मान डोलावन तवा तुही बाजू लिहाची. तवापर्यंत तुह्या बाजूले हात लावाचा नाही." मी गेले. वांगी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपुढे उकिडवी बसून मी तिचं म्हणणं तिलाच वाचून दाखवलं. "नाही व माय, असं नाही," ती म्हणाली, "आत ओट्यावर बसलं तं कोनी येते का? लोकं बसमधून उतरते अन पायापाशी दिसन थेच घेते." मी खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी तिनं मान डोलावली आणि वर दोन वांगी दिली. माझी बाजू लिहायला बसले तेव्हा मला पहिल्यांदा अडचण झाली, कारण आता ती बाई माझ्या माहितीची झाली होती. बायांना उठवा असं मला लिहवेना. ओटे बसथांब्याजवळ बांधा असं मी लिहिलं. तुम्ही खाली लाल पेनानं एवढंच लिहिलंत की आता हे तुझं आहे.

वर्गात तर तुम्ही काय काय आणायचात. शिकवणी क्लासची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, साबणाचा कागद. "यश हमखास," असं एका पत्रकावर होतं. "कोनाचं यश? त्याचं का तुमचं?" हे कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, आणि म्हणून आपल्याला काय करायला लावतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही. आज मी विमा कंपनीच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते, तेव्हा आधी तक्रार करणाऱ्याची बाजू माझ्या शब्दांत लिहून काढते. साहेब कुरकुरतात, मॅडम तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात? मी मनात म्हणते, शहापूरच्या सरांच्या.

पण या पद्धतीनं माझा एकदा कसा बट्ट्याबोळ झाला होता, आठवतं ना? बारावीची दिवाळी. तुम्ही सुट्टीचा अभ्यास दिला होता की घरातल्या ज्या माणसाशी पटत नाही त्याची बाजू लिहून आणा. माझं तर तयारच होतं. मला बारावीनंतर नागपूरला शिकायला जायचं होतं, आणि बाबांचं ठाम नाही होतं. बाबा मागावर होते. आमचा माग म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणणारा बसतो आणि पायांनी पावड्या दाबतो. मी त्या खड्ड्याच्या काठावर बसून त्यांना मराठीत वाचून दाखवलं. मुलगी एकटी नागपूरला राहिली तर आईबापांना झोप लागणार नाही. शिकून आली की तिला इथलं काही आवडणार नाही. शिवाय एवढं शिकलेल्या मुलीला आमच्या विणकरांत मुलगा कुठून शोधायचा? बाबांनी धोटा थांबवला. असा शांत, समाधानी चेहरा मी त्यांचा क्वचित पाहिला होता. "बराबर लिवलं माय तू," ते म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली. मी उड्या मारतच उठले. माझी बाजू लिहायला आता मोकळी झाले असं मला वाटलं, आणि बाबांना वाटलं पोरीला पटलं.

दुसऱ्याच दिवशी मंडई. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, घर पाहुण्यांनी फुलतं आणि चहाच्या कपाबरोबर सोयरिकींची बोलणी फिरतात. बाबा दर पाहुण्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं सोताच लिवून आनलं, नागपूरले नाही जात म्हून." दुपारपर्यंत आंधळगावच्या एका मुलाचं स्थळ ओसरीत येऊन बसलंसुद्धा. मी आईला सांगितलं, बाई गं, तो अर्धाच अभ्यास होता! आई म्हणाली, "मंग अर्धाच कायले वाचून दाखवला व?" मी मंडईच्या गर्दीतून तशीच पळत सुटले आणि तुम्ही मला जिलेबीच्या दुकानापाशी सापडलात, हातात द्रोण घेऊन. सगळं ऐकून तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. आणि मग जिलेबी तशीच ठेवून माझ्याबरोबर घरी आलात.

मला वाटलं होतं तुम्ही बाबांना ऐकवाल. मुलगी हुशार आहे, तिचं भविष्य, असं काहीतरी. सगळे तेच करतात. बाबांनी नमस्कार केला, तुम्ही जय भीम म्हणालात, खाटेवर बसलात, यंदाच्या धानाचं विचारलंत. मग म्हणालात, "पोरीनं तुमची बाजू बराबर सांगतली?" बाबा म्हणाले, "एकदम बराबर जी." "मंग आता तुमची पाळी. तिची बाजू तुम्ही सांगा. ते मान डोलावन तवा बोलनं पुढं जाईन." पाहुणे मजा पाहायला सरसावून बसले. बाबा चिडले होते, पण पाहुण्यांपुढे माघार घेतील तर ते बाबा कसले. "तिले नागपूर फिराचं हाय," ते म्हणाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवली नाही. "मैत्रिनी जाऊन राहिल्या म्हून तिले जाचं हाय." नाही. "तिले साडी विनाचं काम हलकं वाटते." यावर मला रडूच आलं, नाही, नाही. बाबांनी एकदा मागाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तिले भेव वाटते. इथंच राहिली तं माह्यावानी आपलेबी पाय या खड्ड्यातच राहतीन म्हून." मी मान डोलावली होती की नाही हे मला आठवत नाही, सर. तुम्ही उठून चपला घातल्यात एवढं आठवतं. "माह्यं काम झालं," तुम्ही म्हणालात, "आता दोघं बोला." त्या आंधळगावच्या पाहुण्यांनीच आधी विषय काढला की पोरीला शिकू द्या.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते आत्ताचं. बाबांचे गुडघे गेले, माग बंद पडला. गेल्या पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तसेच पडून होते. मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी, तोही त्यांचा नाही. त्यानंतर मी दर खेपेला तेच तेच बोलत राहिले. डॉक्टर, दवाखाना, लिफ्ट, गरम पाणी. ते ऐकून घेत आणि मी निघताना बसमध्ये खायला चिवडा बांधून देत. मग गेल्या रविवारी मी गेले ती कागद घेऊन. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. विणत नाहीत आता, पण बसतात तिथेच, गार वाटतं म्हणे. मी काठावर बसून त्यांची बाजू वाचली. इथे रस्त्यानं जाणारा माणूस मला जेवला का म्हणून विचारतो, तिथे लिफ्टमधला माणूस भिंतीकडे पाहतो. इथे अंधारातसुद्धा माझा हात बरोबर दिव्याच्या बटनावर पडतो. तिथे मी दिवसभर तुझ्या किल्लीची वाट पाहत बसेन, आणि तू थकून आलीस की मला बोलायलाही लाज वाटेल. आणि तुझ्या त्या फ्लॅटात मी पाय कुठे सोडून बसू?

बाबांनी मान डोलावली. डोळे पुसले आणि हसले. "आता तुही बाजू मी सांगू?" ते म्हणाले. "सरानं सांगतलं होतं न." मी काही बोलायच्या आत त्यांनी सुरुवातच केली. "मोहाडीचा नंबर दिसला का तू आंधी देवाचं नाव घेते, मंग फोन उचलते. बसमधी बसली का घरी पोचेपर्यंत तू आपला बाप मेला असंच धरून चालते. खरं का नाही?" पहिल्याच फटक्यात, सर. त्या मंडईला बाबा तीनदा चुकले होते. मी मान डोलावली. "मंग चाल," ते म्हणाले. "बापानं पोरीले असं रोज भेव दाखवावं का? येतो मी. मंडई होऊन जाऊ दे." माग ते चुलतभावाच्या मुलाला देणार आहेत. कपड्यांचं बोचकं आतापासूनच बांधून ठेवलंय.

परत येताना मला किती हलकं वाटायला हवं होतं. बसमध्ये मी नेहमीप्रमाणे खिडकीशी बसले. भंडारा मागे पडलं, शहापूर आलं. बस हल्ली तिथे थांबत नाही, फक्त जरा हळू होते. पाण्याच्या टाकीपाशी तुमच्या घराकडे वळणारी गल्ली दिसते आणि ती दिसते तेवढ्यात मी तुम्हाला काहीतरी सांगून घेते. प्रमोशन मिळालं. साहेबांशी भांडले. आई गेली. नेहमी इतकंच, मिनिटभर. या वेळी सांगायला गेले की बाबा हो म्हणाले, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. मला एकाएकी कळलं की आता या रस्त्यानं मी कशासाठी येणार? मोहाडीत कोणी नसेल. घराला कुलूप असेल. शहापूरच्या गल्लीसाठी काही कोणी नागपूरहून तिकीट काढत नाही.

हे पाकिटात घालून तुमच्या पत्त्यावर टाकलं तर तुमच्या मुलाच्या हाती पडेल. तो सज्जन आहे, काळजीनं फोन करेल, मग मला काय झालंय ते समजावून सांगावं लागेल. ते नको. आणि बाबांच्या कानावर तर हे जाताच कामा नये. ते तिथल्या तिथे बोचकं सोडतील, माग परत मागून घेतील आणि पुन्हा अंगणात पडतील. म्हणून हा कागद माझ्याजवळच राहील.

तुम्ही असता तर माझा चेहरा पाहून लगेच विचारलं असतंत, बापाची बाजू एवढी चांगली कशी काय लिहिली व? एकेक मुद्दा असा शोधून, घासूनपुसून? माझ्या बाजूनं तर मी फक्त गाइडातलं बोलत होते, दवाखाना आणि लिफ्ट. त्यांनी मान डोलावली तेव्हा मला वाटलं होतं, सुटले, आता ते येत नाहीत, माझी ही बस चालूच राहणार. सर, मी रविवारी हरायला गेले होते.