गाडी मागं लावा

पलूस,
ता. ११ जून १९९८

चि. कपिल यास आबाचा जयभीम.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. पायलनं मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून परत एकदा वाचलं. तुझ्या आईचा गुडघा बरा हाय, सकाळचा तेवढा धरतो. पायलच्या सासरची मंडळी परवा येऊन लग्नाची तारीख पक्की करून गेली. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. विहारापुढच्या पटांगणात मांडव घालायचा. पोरगं मनानं चांगलं वाटलं. कमी बोलतं, पण ताट सोताचं सोता उचललं.

आता गाडीचं. तू इचारलंयस की दीड महिना गाडी कराडला गॅरेजात काय करतीया आणि चौदा हजार खर्च कशाचा. मिस्त्री म्हाताऱ्याला फसवतोय असा तुला संशय आलाय. तसं न्हाई. मी कारखान्यावर साहेबांची गाडी चालवत व्हतो तवापासून बशीर मिस्त्री माझ्या वळखीचा हाय. त्यानं जुने पार्ट पिशवीत घालून ठेवलेत, आलास की दाखवील.

ही गाडी दिसायला लय देखणी, पण तिची दुखणीबी तशीच महाग. साध्या जीपचा पार्ट सांगलीत कुठंबी मिळतो. हिचा पुण्यास्नं मागवायचा, तिथं नसला तर मुंबईस्नं, आणि तवर गाडी चाकं काढून घोडीवर उभी. पुढचे बुश खलास झाले व्हते, खड्ड्यात गेली की खालनं खडखड वाजायची. डाव्या दाराची काच बटणानं खाली गेली ती वर येईना, तिची मोटार जळालेली. एसी तर तू गाडी घेऊन आमच्या दारात ठेवलीस तवापासनं नुसता वारा घालतोय. मुंबईच्या माणसानं तुला इकताना रंग मारून दिली, आत काय हाय ते सांगितलं न्हाई. क्लचप्लेटबी शेवटाला आली व्हती, इंजिन उतरलंच हाय तर तीबी बदलून घेतली.

पण खरा खर्च इंजिनाचा. गाडी तापली, गॅस्केट उडालं आणि हेड वाकलं. हेड लेथवर घासून सरळ करून आणलं, रेडिएटर सोडवून धुतला, पाण्याचे पाइप सगळे नवे घातले. निम्म्याच्या वर पैसे तिथंच गेले.

गाडी तापली कशी, ते तू इचारलेलं न्हाईस. बशीरनं इचारलं व्हतं. हेड हातात धरून म्हणाला, "धोंडिरामभाऊ, ही तुमच्या हातात तापली न्हाई. कुणी चालवली खरं सांगा. पोरानं व्हय?"

मी म्हणालो, "मीच."

"काटा लालवर गेलेला दिसला न्हाई?"

"न्हाई दिसला."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चहा सांगितला. 

तुझ्या मोठ्या साहेबांच्या लेकीच्या लग्नास्नं सांगलीहून परत येताना ते झालं. पाण्याचा पाइप फुटला व्हता. पाणी गळत गेलं आणि मी पुढं बघून चालवत राहिलो. भिलवडीच्या अलीकडं बॉनेटातनं वाफ आली, मग गाडी आपसूक थांबली. एका ट्रॅक्टरवाल्यानं घरापतुर ओढत आणली. इतकी वर्षं गाडी चालवली, पण काटा बघायचा राहिला असं कधी झालं नव्हतं.

हे लिहायचं नव्हतं. पण तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि लिहायला बसलो.

त्या लग्नाच्या सकाळी तू पुण्यास्नं रेल्वेनं घरी आलास. साहेबांच्या दारात गाडीतनं उतरायची तुला हौस व्हती. मीच म्हणालो, मी चालवतो, तुझा सूट घामानं भिजंल. मलाबी हौस व्हती. आईनं माझी पांढरी पँट आणि पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला व्हता. साऱ्या वाटंनं तू मला कंपनीत कोण कोण हाय ते सांगत व्हतास. म्या मनात नावं पाठ करत व्हतो, वळख करून दिलीस तर चुकायला नको.

हॉलच्या दारात साहेब उभेच व्हते. तू उतरलास. त्यांनी गाडीवरनं नजर फिरवली, मग माझ्यावरनं. म्हणाले, "अरे कपिल, ड्रायव्हरला सांग, गाडी मागच्या पटांगणात लाव म्हणावं. त्या लोकांच्या जेवणाची सोय तिकडंच केलीय."

तू म्हणालास, "हो सर."

मग खिडकीत वाकून माझ्याकडं न बघता म्हणालास, "गाडी मागं लावा."

'लाव' न्हाई म्हणालास, 'लावा' म्हणालास. तेवढं म्या ध्यानात ठेवलंय.

गाडी मागं लावली. तिथं पाचसा ड्रायव्हर लोक पंगतीला बसले व्हते. शिराळ्याचा कृष्णात म्हणून एक व्हता, त्यानं सरकून जागा दिली. म्हणाला, "या पाव्हणं. कुणाच्या गाडीवर?"

म्हणालो, "पोराच्या."

"आयला! पगार देतो का न्हाई वेळेवर?"

सगळे हसले. मीबी हसलो. माणसं चांगली व्हती, आग्रह करून वाढत व्हती. ड्रायव्हर म्हणलं याचं मला वाईट वाटलं न्हाई. ड्रायव्हरकीवरच तुमा दोघांस्नी शिकवलं. दुपारनं तू मागं आलास आणि म्हणालास, "आबा, मी कंपनीतल्या लोकांबरोबर पुण्याला जातो, तुमी निघा." तवा मातर आबा म्हणालास. आजूबाजूला कोण नव्हतं. कृष्णात पान आणायला गेला व्हता.

घरी आल्यावर आईनं इचारलं, "कुणाकुणाची वळख करून दिली पोरानं?" म्या सांगितलं, लय माणसं व्हती, नावं ध्यानात राहिली न्हाईत. तिला खरं सांगितलेलं न्हाई. तूबी सांगू नगंस. आज ती आणि पायल बाजाराला गेल्यात म्हणून हे लिहितोय.

तू तसं का केलंस ते मला कळत न्हाई असं समजू नगंस. बाप म्हणलं असतंस तर बापाचं काम इचारलं असतं, मग गाव, मग गावात कुठं. तुला त्या रस्त्यानं जायचं नव्हतं. मी कारखान्यात नवा लागलो तवा परगावच्या खानावळीत कुणी आडनाव इचारलं की मला खोकला यायचा. खोकून खोकून पाणी प्यायचो, तवर इचारणारा दुसऱ्याशी बोलायला लागायचा. ही भीती अंगात कशी बसती ते मला म्हाईत हाय. पण कपिल, बापाचं नाव इचारल्यावर म्या कधी खोकलो न्हाई. माझा बाप मेलेली ढोरं वढत व्हता.

आता तुझ्या त्या चार ओळी. तू लिहिलंयस की पायलच्या लग्नाला साहेब बायकोला घेऊन येणार हायेत, गाडी तवर नीट करून ठेवा, सांगलीच्या त्यांच्या घरनं त्यास्नी आणायला आबा जातील. पायलनं हे वाचलं तवा आई खुश झाली. म्हणाली, "येवढा मोठा माणूस आपल्या दारात." मी विहिरीवर निघून गेलो.

मी आणायला जाणार न्हाई.

गाडी येत्या शनवारी मिळंल. बशीर म्हणतो, आता काटा अर्ध्याच्या वर जात न्हाई, नीट वापरली तर काही बघायला नको. साहेबास्नी आणायचं असंल तर तू सोता चालवत घेऊन ये. न्हाईतर त्यांची गाडी त्यास्नी हाय, रस्ता डांबरी हाय. त्या दिवशी मी पोरीचा बाप हाय. मांडवाच्या दारात मी आणि तुझी आई उभे राहणार, येईल त्या माणसाला हात जोडणार. साहेब आले की आमच्यापुढनंच आत जातील. तवा तू त्यांच्या शेजारी उभा असशील आणि आमी कोण ते तुला सांगावं लागंल. मी सांगणार न्हाई, आईला सांगू देणार न्हाई.

ते जमंल असं वाटत नसंल तर त्यास्नी पत्रिका देऊ नगंस. त्याचा मी राग धरणार न्हाई, दुसऱ्यांदा इषयबी काढणार न्हाई. पण तू मातर ये. चार दिवस आधी ये. भाऊ मांडवात नसला तर पायल बोहल्यावर चढायची न्हाई, तिनं तसं बोलून दाखवलंय.

पुण्यात पाणी उकळून पीत जा. गाडीच्या पैशाची घाई न्हाई, बशीर थांबंल.

तुझा बाप,
धोंडिराम