बर्फ न ठेवलेला डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणे! मी मशीनकडे बघतेय, मशीन माझ्याकडे. टपालवाल्याची बायको समोरच्या बाकावर टोचलेलं बोट चोखत बसलेली. सहावा महिना, चेहरा टवटवीत. हिला कसली आलीय शुगर?

हे सगळं नव्या डॉक्टरबाईंचं खूळ. या खेपेला आठवडाभर मुक्काम ठोकलाय. आल्या आल्या दवाखान्याच्या भिंतीवरचा आमचा फलक वाचत उभ्या राहिल्या – ‘गरोदरपणातला मधुमेह : सात वर्षांत शून्य.’ मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तर म्हणाल्या, “सिस्टर, इतक्या बायकांत एकही नाही?” जसं काही मी आकडे घरी बसून लिहिते.

म्हणून आज हे बोटाला टोचायचं मशीन. सात वाजता नेहमीसारखं साखरेचं पाणी पाजलं, नऊला दंडातून रक्त घेतलं आणि त्याच मिनिटाला बोटाचा एक थेंब मशीनवर. एकशे चाळीसच्या वर गेलं की मधुमेह. मशीन बिघडलंय, दुसरं काय! रक्ताची नळी डब्यात घातली, डबा साडेनऊच्या बसने शहरातल्या लॅबकडे. बस माझा नवराच चालवतो. स्वतःचा जेवणाचा डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवतो, दुपारी उघडला की वाफा येतात. बायकोपेक्षा इंजिन बरं, गरम वाढतं, असं चारचौघांत सांगतो.

परवा कळेल कोण खोटं ते.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आला. एकशे बारा. नॉर्मल!

कागद डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, “डबा लॅबला पोचतो किती वाजता?”

“चारला. रस्ता तुम्ही पाहिलाय.”

“आणि बर्फ?”

“बर्फ ठेवतच नाही,” म्हटलं, आणि वर ऐटीत कारणही सांगितलं. सात वर्षांपूर्वी लॅबवाले नळ्या सारख्या परत पाठवायचे. बर्फाला चिकटून रक्त गोठतं, खराब होतं, तपासता येत नाही. मीच एक दिवस बर्फ काढून टाकला. त्यानंतर एक नळी परत आली नाही. तालुक्याच्या आरोग्य ऑफिसने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं होतं.

डॉक्टरबाई अगदी हळू म्हणाल्या, “सिस्टर, नळीतलं रक्त जिवंतच असतं हो. वाटेत ते त्यातली साखर खात राहतं. गारव्यात कमी, उकाड्यात जास्त.”

मी हसले. वाटलं, चेष्टा करतायत. त्या हसल्या नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार



टपालवाल्याची बायको बिचारी पुन्हा आली, पुन्हा ते साखरेचं पाणी प्यायली. एकाच दंडातून एकाच वेळी तीन नळ्या घेतल्या आणि खिडकीत उभ्या केल्या. नऊला पहिली तपासली – एकशे चौऱ्याहत्तर. साडेबाराला दुसरी – एकशे एकोणचाळीस. चारला तिसरी. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हीच लावा मशीनला. एकशे आठ.

माझ्या डोळ्यांदेखत. माझ्याच खिडकीत.

शून्य नव्हतंच कधी. चारशेच्या वर बायका झाल्या सात वर्षांत. प्रत्येकीला मीच सांगितलं, काही नाही गं, मस्त आहेस. पाठीवर थाप मारून घरी धाडलं. आईची साखर वाढली की बाळ पोटात वाजवीपेक्षा मोठं होतं, आणि मी आमच्याकडची बाळं कशी गुटगुटीत म्हणून मिरवलंसुद्धा. खांद्याशी अडकलेली ती दोन. जन्मल्यावर झटके आलेलं ते एक. दर वेळी काही ना काही कारण सापडलंच आम्हाला.

आणि छोटी! माझी सख्खी धाकटी बहीण, तिला आठवा लागलाय. जानेवारीतला रिपोर्ट एकशे एकवीस. तो डबा मीच भरला होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

छोटीची शाळा सुटल्यावर तिच्याकडे गेले. मास्तरीणबाई पलंगावर पाय पसरून वह्या तपासत होत्या. म्हटलं, सोमवारी उपाशीपोटी ये, पुन्हा तपासायचंय. तिने मानही वर केली नाही. “तूच म्हणालीस ना नॉर्मल? एकशे एकवीस. मी तर तो कागद जपून ठेवलाय.”

“मी चुकले होते.”

“तू? चुकलीस?” लाल पेन हातात धरून हसायला लागली. आयुष्यभर मीच तिच्या चुका काढल्या, तिला मजा वाटणारच.

मग समजावून सांगितलं. नळी, बस, बर्फ. तिने पेनाला टोपण लावलं. आई मात्र स्वयंपाकघरातून ताडताड बाहेर आली. “उगाच पोरीला घाबरवू नकोस. तुझं तसं झालं म्हणून तिचंही तसंच होईल असं नाही.” म्हणाली आणि तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. पुन्हा आत गेली.

पाच वर्षं झाली. चार किलो दोनशे ग्रॅमची माझी मुलगी, ती रडलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरत आले तरी वणवण चालू होती हिची, दुसरं काय होणार. मीही तेच धरून बसले.

तो विषय आज नको. आज छोटीचं बघायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

छोटीचा फोन नाही. मीही केला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

छोटी सातच्या ठोक्याला दवाखान्याच्या दारात उभी. तोंड फुगवलेलं. “आईला सांगितलेलं नाही, शाळेत लवकर जायचंय म्हणून निघालेय. दे तुझं ते पाणी.” नाक दाबून प्यायली. दोन तास माझ्यासमोर बसून होती. एकदा म्हणाली, बाळ खूप लाथा मारतंय. एकदा म्हणाली, तुझ्या दवाखान्यातलं घड्याळ मागे आहे. मी घड्याळ काढून किल्ली दिली, हाताला काहीतरी काम हवं होतं.

दोनशे चार.

आकडा तिनेही पाहिला. पोटावर हात ठेवून विचारलं, “ताई, बाळाला किती दिवसांपासून त्रास होत असेल?”

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उलट माझ्याच खांद्याला धरून उठली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लॅबवाल्याला फोन केला. म्हणाला, “सिस्टर, आमच्याकडे येईल ते आम्ही मोजतो. रस्त्यात काय होतं ते आम्हाला काय माहीत?” ऑफिसातले साहेब म्हणाले, हे लेखी देऊ नका, उगाच बोभाटा होईल. दोन पानी लेखी दिलं. खाली सही केली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सहा दिवस घरोघर फिरतेय. सध्या पोटुशा असलेल्या एकोणीस जणी, एकोणीसही पुन्हा तपासल्या, इथेच, मशीनवर. पाच निघाल्या. एकोणिसांत पाच!

एकीची सासू म्हणाली, आधी चांगलं सांगितलंत, आता वाईट सांगता, कोणतं धरायचं? तिचं काय चुकलं? मी खाली बघून “आत्ताचं धरा” म्हटलं.

संध्याकाळी स्टूल लावून भिंतीवरचा फलक उतरवला. मागची भिंत पांढरीशुभ्र राहिलीय, चौकोन उठून दिसतो.

२० मार्च, गुरुवार

छोटी आता इन्सुलिनची सुई स्वतःच टोचते. वर मलाच शिकवते, आडवी धरू नकोस गं, मास्तरीण आहे की नाही! शुगर ताब्यात आहे. आई चहात साखर घालत नाही, कुणाच्याच. छोटीचा नवरा बिचारा आमच्या घरी येऊन गोड चहा पितो आणि मिशा पुसून जातो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतपण इथे नको, आठवडाभर आधी शहरात नेऊन ठेवा. नवरा म्हणाला, माझ्याच बसने नेतो, एक धक्का बसू देणार नाही.

तिचं पोट पाहिलं की मला माझंच आठवतं. तिच्यासमोर हसते.

१० एप्रिल, गुरुवार

मुलगी! तीन किलो शंभर. रडली – केवढ्याने रडली! नर्स म्हणाली, मावशी, तुम्ही का रडताय, बाळ छान आहे. छोटी झोपेत म्हणाली, “ताई, पुन्हा वजन कर, तुझा भरवसा नाही.”

१२ एप्रिल, शनिवार

मोठ्या वजनाच्या बाळांची यादी डॉक्टरबाईंना हवीय. जुनं रजिस्टर घरी आणून बसले. मागे मागे जात त्या पानावर आले. नाव माझं, अक्षर माझं. एकशे चौतीस. नॉर्मल.

नवरा चहा घेऊन आला, वाकून तारीख बघितली. “हा दिवस आठवतो मला,” म्हणाला. “तुझी नळी होती ना त्या डब्यात. मागे धक्के बसतात म्हणून मी तो पुढे घेतला. इंजिनाच्या झाकणावर, माझ्या हाताखाली. शहर येईपर्यंत हात काढला नव्हता.”

मी म्हटलं, हो, आठवतं. रजिस्टर मिटलं. उकाड्याचं त्याला कधीच सांगायचं नाही.