पोलादी कडं

तंजावूर, ४ जानेवारी २०२४

ती. सेतुअण्णास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दोन मिनिटांत आटपतोस आणि अप्पांना तुझं अक्षर बघायचं असतं, म्हणून हे पत्र. अप्पांनी त्यांच्या बंदुकीचं लायसन माझ्या नावावर करायचं ठरवलंय. कलेक्टर ऑफिसात दुसऱ्या वारसाचं, म्हणजे तुझं, ना-हरकत पत्र लागतं. सही करून पाठव.

दुसरं असं की, गेलं वर्षभर शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर क्लबात मातीच्या तबकड्यांवर नेम धरते. अठ्ठावीस तारखेला जिल्ह्याची स्पर्धा, आणि नेमकी आता बंदूक रुसलीय. पहिला बार होतो, पण रिकामं काडतूस बाहेर न पडता तोंडाशीच अडकतं. दुसरं आपोआप वर यायला हवं ते येत नाही. मी सगळं सुटं करून पुसलं, स्प्रिंगही पाहिली. अप्पांना काहीतरी आठवतं आणि निसटतं. परवा त्यांना श्रीविद्यावहिनीचं नावच आठवेना. शेवटी म्हणाले, सेतुला विचार, त्याला मी शिकवलंय. तुला शिकवायचे तेव्हा मला पायरीवर बसून नुसती तेलाची बाटली धरावी लागायची! आता माझी पाळी.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी अंबुजा

कोइम्बतूर, ९ जानेवारी

चि. अंबुजास अनेक आशीर्वाद.

टीचरबाई बंदूकवाल्या झाल्या, आनंद आहे. पोरं आता गृहपाठ वेळेवर देतील. लायसनचं अप्पांनी मला आधी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण बारा वर्षं मी इथे पंपांच्या कारखान्यात, तू त्यांच्या हाताशी. जवळ असेल त्याची वस्तू. श्रीविद्या म्हणते मला तुझा हेवा वाटतो. हसावं की काय करावं! ना-हरकत पाठवतो, घाई काय आहे?

बंदुकीचं म्हणशील तर स्प्रिंग ज्या नळीवर सरकते ती कोरडी पडली असणार. तेल भरपूर लाव. काडतुसं जड घे, हलक्यांत जोर नसतो. बाकी काही हलवू नकोस.

अप्पांना नमस्कार. तुझ्यावरची माया कमी नाही.

सेतुमाधव

तंजावूर, ३० जानेवारी

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

एका हाताने लिहिते आहे, डावा बांधलेला आहे. तू सांगितलंस तसंच केलं आणि बंदूक सुरळीत चालू लागली. मला केवढा आनंद झाला होता! स्पर्धेत सहा तबकड्या फुटल्या. सातव्या बाराला त्या नळीभोवतीचा लाकडी दस्ता माझ्या हातातच उभा चिरला. ढलपी तळव्यात घुसली, चार टाके पडले.

हात बरा होईल. काळजी अप्पांची आहे. मी तेल लावत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं होतं. नळीवरून तेलाचं फडकं फिरवून पुसून घ्यायचं असतं, असं म्हणाले. मग तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, सेतु इंजिनियर आहे, माझंच डोकं आता फिरलंय. तेव्हापासून ते स्वतःवर भरवसाच ठेवत नाहीत. गोळी घेतली का, हेही मला विचारतात. गेली चाळीस वर्षं रोज वाचलेलं स्तोत्र मध्येच थांबवून पुस्तक माझ्या हातात देतात, बरोबर म्हटलं का बघ म्हणून. बारा तारखेला बंदूक पोलिस स्टेशनात कायमची जमा करायचं त्यांनी ठरवलंय. माझं काय चुकलं ते तू तरी लिही.

आठवण ठेव.

अंबुजा

कोइम्बतूर, ३ फेब्रुवारी

चि. अंबुजास आशीर्वाद. तो द्यायचा अधिकार आज मला आहे का, माहीत नाही.

तुझं काही चुकलं नाही. मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं. त्या स्प्रिंगपाशी एक पोलादी कडं असतं. जड काडतुसांना ते स्प्रिंगच्या पुढे बसवायचं, हलक्यांना मागे. तुझी काडतुसं हलकी आणि कडं पुढे, म्हणून बंदूक अडत होती. पत्र वाचताच मला कळलं होतं. अप्पांनी सोळाव्या वर्षी शिकवलेली ती पहिली गोष्ट.

पण तू लिहिलंस की आता तुझी पाळी, आणि माझा जळफळाट झाला. वाटलं, जड काडतुसांवर बंदूक काही दिवस चालावी आणि मग धक्के खाऊन भर स्पर्धेत बंद पडावी, अप्पांनी मला बोलवावं आणि मी येऊन सर्वांसमोर ती बरी करावी. लाकूड फुटेल असं वाटलं नव्हतं, असं लिहून खोडलं. तेलकट नळीवर धक्का आवरला जात नाही, हे मला ठाऊक होतं. अप्पांचंच बरोबर होतं. हे पत्र त्यांना वाचून दाखव, काही गाळू नकोस.

मला क्षमा कर असं म्हणायची लाज वाटते.

सेतु

तंजावूर, ८ फेब्रुवारी

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

सगळं वाचून दाखवलं.  अप्पा म्हणाले पुन्हा वाच, ‘अप्पांचंच बरोबर होतं’ तेवढंच. मी चार वेळा वाचलं. नंतर नेसलेली वेष्टी सावरत उठले आणि शेजारच्या गुरुराजमामांना सांगून आले की माझं डोकं शाबूत आहे. संध्याकाळी स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं, पुस्तक न उघडता. बारा तारखेचा बेत रद्द झाला. सुतार नवा दस्ता करतो आहे.

तुझ्याविषयी एवढंच म्हणाले की सेतुला ये म्हणावं, ना-हरकतीवर सही त्याने माझ्यासमोर करावी. त्यांनी तुला माफ केलं. मी केलेलं नाही. रात्री हात ठणकतो तेव्हा तुझं अक्षर डोळ्यांसमोर येतं, आणि तुला राग होता तर तो सरळ लिहायला काय झालं होतं, असं वाटतं. भांडलो असतो.

शनिवारच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येईन. बोलणार नाही, पण येईन.

अंबुजा