शाळेच्या बुटांचे तळ

देवास, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तडतडतंय. कारखान्यात तपासणीला आलेल्या शाळेच्या बुटांचे तळ बोटानं ओढले तरी सुटत होते, म्हणून मी माल अडवला. सुपरवायझर म्हणाला, "मैडम, गाड़ी आज ही जानी है, पास कर दो." नाही म्हटलं, तर तपासणीवरून उठवून पॅकिंगला बसवलं. तेच बूट मी डब्यांत भरले. का भरले मी?

घरी येते तोच धारहून नंदाचा, माझ्या बहिणीचा, फोन. ती आमच्याच कंपनीच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकानं आधीच्या मालातला, तळ सुटलेला बूट तिच्या अंगावर फेकला आणि मॅनेजरनं माफी हिलाच मागायला लावली.

मी आजचं सगळं सांगितलं. म्हणाली, "ताई, उद्या गप्प बस. निदान तुझी नोकरी तरी राहू दे."

याचाच जास्त राग आला. गप्प कशी बसू? पण पॅकिंगच्या टेबलावरून अडवणार तरी काय?