पणजोबांच्या वाटची कोंबडी

तुंदुरू, २ जुलै १९७८

ती. जेनेरोसाताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र टाळलं, कबूल. शाई संपली म्हणणार होतो, पण तू ओळखशील. खरं म्हणजे बाबांना काय लिहावं तेच सुचेना.

सत्तर वर्षांपूर्वी जर्मनांशी झालेल्या माजी-माजीच्या लढाईचं आमचं नाटक गावोगाव फिरतंय. शेवटी जर्मन ज्यांना फासावर देतात ते आपले पणजोबा, म्हणजे मी. मैदानात खरा खड्डा खणतो, त्यात मला निजवतात. लोकांनी रडावं अशी जागा. पण थट्टेच्या नात्यातली माणसं, आपले वतानी, प्रत्येक गावात निघतातच, आणि खऱ्या मयताला करतात तीच थट्टा इथे करतात. काल एक म्हातारी येऊन माझ्या शेजारी खड्ड्यात आडवी झाली. म्हणाली, हा मेला जिवंतपणी फार घोरायचा, घरच्यांनी कोंबडी दिल्याशिवाय मी उठायची नाही. मेलेल्याला बोलता येत नाही ताई. मी डोळे मिटून नुसता धुमसत होतो, नाटक बसवणारे आमचे किलियान मास्तर तिला विनवत होते आणि लोक पोट धरून हसत होते. इथली पपई फार गोड आहे, ते सांगायचं राहिलंच.

शनिवारी पंधरा तारखेला नामतुंबोला खेळ आहे. बाबांना आण. माझ्यासाठी चारशे माणसं रडताना दिसली तर शाळा सोडल्याचा त्यांचा राग उतरेल. त्या दिवशी खड्ड्याशी दोन दांडगे उभे करतोय. एकही वतानी फिरकणार नाही.

तुझा,
ओत्मार

पेरामिहो, ८ जुलै

चि. ओत्मारास,
अ. उ. आ.

दोन महिन्यांनी पत्र आणि त्यात पपई. धन्य आहेस.

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, पोटचा पोर फासावर बघायला मी बसचे धक्के खाऊ काय. मग म्हातारीचा मजकूर दोनदा वाचायला लावला आणि ताटातली उगाली तशीच टाकून उठले. नंतर सांगितलं ते असं. पणजोबांना बाकीच्यांबरोबर एकाच खड्ड्यात लोटलं. शिपायांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. ना कुणी थट्टा केली, ना कोंबडी मागितली. पणजी मरेपर्यंत म्हणायची, माझा माणूस कुणी हसल्यावाचून गेला, अजून वाटेतच अडकला असेल.

आणि तू दांडगे उभे करतोस. शाब्बास. जर्मनांनी तेच केलं होतं.

बाबा येणार नाहीत, वाट बघू नकोस. स्वेटर पाठवतेय, कधीतरी धुवावा.

तुझी ताई

नामतुंबो, १५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. दांडग्यांना चहा पाजून घरी पाठवलंय. मास्तर कातावलेत, म्हणतात, नाटकाचं हसं होणार. होऊ दे म्हटलं. आजचा खड्डा मीच खणला, दोघं मावतील एवढा. बाबा नाहीत तर नाहीत. हट्ट आपल्या घरात कुणाचा कमी आहे?

स्वेटर घट्ट होतो, पण माया तेवढीच राहू दे.

तुझा,
ओत्मार

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मास्तर बोलवायला आले. बसमधून बाबा उतरलेत. काखेत तुझी ठिपक्यांची कोंबडी, तुला विचारून आणलेली दिसत नाही. माझ्याकडे बघतही नाहीत. खड्ड्याच्या काठाशी उभे राहून विचारतायत, आडवं पडणारं कुणी आलंय का.