घरचे आणि कुणाचे

प्रिय भिंगरी,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. म्हणशील, आत्ताच तर बोललो, पत्र कसलं? अगं, फोन बाबांच्या टेबलावर असतो आणि कान त्यांचे अजून तिखट आहेत. शिवाय तुझी सवय मला ठाऊक आहे. माझं सांगून होतंय न होतंय तोच तुझा उपाय तयार असतो. पत्रात तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तू विचारलंस, बाळाचे एवढे फोटो पाठवते, बाबा एका शब्दाने काही बोलत का नाहीत? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. फोटो त्यांनी बघितले, गं. चष्मा पुसून, अगदी जवळ जाऊन बघितले. आणि ‘कुणाचे’मध्ये टाकले.

‘कुणाचे’ तुला माहीतच आहे. आपला फोटो स्टुडिओ चालू होता तेव्हा ज्या फोटोचं गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचंच नाही, तो फोटो बाबा त्या फोल्डरमध्ये ठेवायचे. पुसून मात्र कधी टाकला नाही. माणूस आज ना उद्या येतो, म्हणायचे. आणि सगळं काम माऊसला हात न लावता. माऊस म्हणजे आळशांचं काम! कंट्रोल एक्स, आल्ट टॅब, कंट्रोल व्ही, फोटो इकडून उचलला की तिकडे. तू शेजारच्या उंच स्टुलावर बसून त्यांच्या बोटांकडे टक लावून बघायचीस.

स्टुडिओ विकला, कॉम्प्युटर घरी आला, आणि त्यांच्या कामाचे दोनच फोल्डर उरले, ‘घरचे’ आणि ‘कुणाचे’. आता रोज सकाळी चहा झाला की स्वारी कामावर बसते. ‘घरचे’ उघडायचं आणि एकेक फोटो बघायचा. ओळख पटली तर पुढचा. नाही पटली की कंट्रोल एक्स. बोटं एकदाही चुकत नाहीत. माणसं विसरले, बटणं नाही विसरले.

सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. आत्याच्या सासरची मंडळी ‘कुणाचे’मध्ये गेली तेव्हा, खरं सांगू, मला बरंच वाटलं. मग तुझा मामा गेला. मग काका गेले, एका ताटात जेवलेले सख्खे भाऊ. त्या दिवसापासून दुपारी ते झोपले की मी खुर्चीत बसते आणि तू शिकवलंस तसं, एका बोटाने बटण शोधत शोधत, सगळ्यांना परत ‘घरचे’मध्ये आणते. दुसऱ्या दिवशी ते तितक्याच शांतपणे पुन्हा सगळ्यांना बाहेर काढतात. चिडत नाहीत, कुरकुरत नाहीत. चिडले असते तर भांडले तरी असते मी.

तुझे उपायही करून झाले. माऊस काढून ठेव म्हणालीस, त्यांना पत्ताही लागला नाही. प्रत्येक फोटोची कॉपी करून ठेव म्हणालीस. एकाच माणसाचे दोन दोन फोटो दिसल्यावर ते खूश झाले. दोन प्रतींची ऑर्डर दिसतेय, म्हणाले, आणि दोन्ही उचलून ‘कुणाचे’मध्ये ठेवले. मग तू फोल्डरला पासवर्ड घातलास. त्या दिवशी ते अख्खी सकाळ बंद फोल्डरपुढे मांडीवर हात ठेवून बसून राहिले. मला नाही बघवलं. तुला सांगितलं नाही, पण पासवर्ड मीच शेजारच्या मुलाला काढून टाकायला लावला. डॉक्टर म्हणतात, त्यांचा वेळ जातोय ना, जाऊ द्या, हे आता मागे फिरणार नाही. त्यांचं काय जातंय सांगायला.

फोनवर ते तुला जेवलीस का विचारतात, गाडी हळू चालव म्हणतात, आणि तुला वाटतं आई उगाच बाऊ करते. ते शब्दही बटणांसारखेच झालेत, गं. आज तुझा फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, कोण होतं? तुझे मोठेपणीचे सगळे फोटोही मी परत आणले तरी रोज जातात. राहिलाय तो एकच, स्टुलावरचा, दोन दात पडलेला. तो आला की थांबतात आणि ‘ही आमची’ म्हणतात. रोज तेवढं ऐकायला मी पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहते.

आज दारात उभी असताना माझा फोटो आला. नोकरीच्या अर्जासाठी काढलेला, त्यांनीच काढलेला आणि पुढे कॉम्प्युटरवर चढवलेला, आमची ओळखही नव्हती तेव्हाचा. कित्येक दिवस न्यायलाच गेले नव्हते मी तो. त्यांनी कंट्रोल एक्स दाबलं. उचलल्यावर होतो तसा फोटो फिका झाला आणि बोटं तशीच थांबली. मला वाटलं, आठवतंय. हात धरायला मी पुढे झाले. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की काय सांगू. म्हणाले, “बाई, हा तुमचाच ना? बरेच दिवस पडून आहे. बरं झालं आलात.”

मी म्हटलं, उद्या नेते. दुसरं काय म्हणणार होते? ते बरं म्हणाले आणि कंट्रोल व्ही दाबून तो नीट ‘कुणाचे’मध्ये ठेवला. आता ते झोपलेत. पत्र मध्येच ठेवून बाकीच्यांना मी आणलं परत, पण स्वतःला उचलून ‘घरचे’मध्ये ठेवायला हात धजत नाही. उद्या सकाळी त्यांना तिथे खऱ्या ओळखीचे दोघंच भेटतील, ते स्वतः आणि स्टुलावरची तू. म्हणून लिहिलं. उपाय सांगू नकोस, भिंगरी. तू ये. तू समोर आलीस तर ओळखतील असा शब्द मी देऊ शकत नाही. पण तो फोटो जायच्या आत ये.

तुझी तरी नक्की,
आई