दोन कॅसेटी, एक गिटार

आई, तुझ्या त्या दोन कॅसेटी आता वाजत नाहीत. एकीची फीत यंत्रात अडकून तुटली, दुसरीला बुरशी लागली. पण तीच रचना आता माझ्याकडे आणखी पाच जणांनी वाजवलेली आहे. रविवारी सकाळी घरातले उठायच्या आत मी त्यांतल्या दोन काढते आणि एकीनंतर एक ऐकत बसते. एक गिटार आणि तिच्या मागे पन्नास-साठ वाद्यांचा ताफा. मुलगी चहा घेऊन येते, जरा वेळ उभी राहते आणि म्हणते, "आई, हे मघाशी झालं की." असंच मीही तुला म्हटलं होतं, आणि तू मला चांगलंच सुनावलं होतंस.

तेव्हा आपण दोघी धानोऱ्याला, त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली. तू तिथली नर्सबाई, मी गडचिरोलीला अकरावीत, दर शनिवारी एसटीने घरी येणारी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याखालच्या फळीवर तो टेपरेकॉर्डर. एक परदेशी डॉक्टरीणबाई वर्षभर आपल्या भागात काम करून गेली होती, जाताना तिने तो तुला दिला. सोबत दोन कॅसेटी. तू आधी एक ऐकलीस, मग दुसरी ऐकलीस आणि मला म्हणालीस, "बाई भुलली वाटते. एकच गाणं दोन डाव काऊन दिलं?" भुलली नव्हती. तिने चिठ्ठीत मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं होतं की ही गिटारीसाठी याच शतकात लिहिलेली रचना आहे, लिहिणारा अजून जिवंत आहे आणि वाजवणारे दोघे वेगळे आहेत. खाली एकच ओळ होती: दोन्ही ऐका, तुमचे कान चांगले आहेत.

ती ओळ तू मनावर घेतलीस. रविवारी दुपारी तांदूळ निवडायला सूप घेऊन बसायचीस आणि आधी एक लावायचीस, मग दुसरी. मला ते सूर ओळखीचे नव्हते, चाल हाताला लागायची नाही, मध्येच व्हायोलिनं एकमेकांना घासल्यासारखी कर्कश व्हायची. मी कंटाळून म्हटलं, "सारखंच तर आहे दोन्हीत." तू सुपातला हात थांबवलास. "सारखंच हाये म्हणून सोडून देणं सोपं असते. माह्या कामात असं म्हटलं असतं तं किती जीव गेले असते, तुले माहीत नाई." आवाज चढवला नाहीस. पण मी उठून गेले नाही, तुझ्याशेजारी बसले. मग तू मला दाखवू लागलीस. पहिल्या कॅसेटीत गिटार पुढे, स्पष्ट, एकेक तार मोजून घ्यावी अशी. दुसरीत ती लांब, कुठल्यातरी उंच छताच्या खोलीत, आणि वाजवणाऱ्याची बोटं तारेवरून सरकताना चर्र आवाज करणारी. मला अर्थातच पहिली आवडली. तू म्हणालीस, "पयल्यात त्याहिनं गिटार आपल्या मांडीवर आणून बसवली हाये. दुसऱ्यात ती तिच्या घरी हाये. आपल्याले जा लागते तिच्यापाशी."

मधल्या संथ भागात एक जागा होती. सगळी व्हायोलिनं एकच जाड सूर धरून ठेवतात, खाली ढोल हळूहळू घुमत राहतो आणि त्या सगळ्याच्या आत गिटार काहीतरी बोलत असते. पहिल्या कॅसेटीत ते सहज कळायचं. दुसरीत मला तिथे गिटार सापडायचीच नाही. मी कान टेपरेकॉर्डरच्या जाळीला लावायचे. तू मला मागे ओढलंस. "जवळ जाऊन काय होते? त्या मोठ्या आवाजाईशी भांडू नको. पयले त्याहिले ओळख. हा ढोल, हे व्हायोलिन. ओळखलं का मंग बाजूले ठेव. उरते ते तिचं." तू डोळे मिटून सुपाच्या काठावर बोटाने ढोलाचा ठेका धरलास, आणि मध्येच दुसऱ्या हाताचं बोट वर केलंस. तिथे ती होती म्हणे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

आणि मग तो मे महिन्यातला दिवस. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू आहे, गावंच्या गावं पहाटेपासून जंगलात. सकाळी एक माणूस सायकलवर निरोप घेऊन येतो: त्याच्या सुनेला आठवा संपून नववा लागलाय, पोट दोन दिवसांपासून गप आहे. मी सुट्टीला आलेली, म्हणून तुझी पिशवी धरायला सोबत. फाट्यापर्यंत एसटी, पुढे तासभर पायवाट. अंगणात बाज टाकलेली, तिच्यावर माझ्याच वयाची ती मुलगी. सासू म्हणाली, "पोर नाही बाई. मेलं ते." गावातली जाणती सुईणही मान हलवत होती. तिने कान लावून पाहिलं होतं. चार घरं पलीकडे कोणी मुसळाने धान कांडत होतं, शेळ्या ओरडत होत्या, पोरं रडत होती. सासरा त्यांना गप करायला निघाला. तू म्हणालीस, "राहू द्या भाऊ. चालू द्या त्याहिचं."

तू आधी दोन्ही तळव्यांनी पोट चाचपलंस, फार वेळ. सुईणीने डावीकडे ऐकलं होतं. तुझे हात उजवीकडे, पार कडेला जाऊन थांबले. तिथे तू ती अ‍ॅल्युमिनियमची नळी ठेवलीस, छोट्या कर्ण्यासारखी, बाळाचे ठोके ऐकायची. वाकलीस, कान लावलास आणि डाव्या हाताने त्या मुलीचं मनगट धरलंस. मला तेव्हा कळलं तू काय करतेयस. आईची नाडी बोटाखाली धरून तू तिचे ठोके ओळखत होतीस आणि बाजूला ठेवत होतीस. मग मुसळ बाजूला ठेवलंस, मग शेळ्या. तुझे डोळे मिटलेले होते. तुझा चेहरा इतका शांत मी आधी फक्त त्या सुपाशी पाहिला होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. सासू रडायची थांबली. मग तुझ्या उजव्या हाताचं बोट हळूच वर आलं आणि भरभर हलायला लागलं, मुलीच्या नाडीपेक्षा कितीतरी जलद.

"हाये," तू म्हणालीस. "दमलं हाये, पण हाये."

तू नळी माझ्या हातात दिलीस. मी वाकले, कान लावला. मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं, दुसरं काही नाही. मी मान डोलावली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि नळी परत घेतलीस.

पुढचं सगळं घाईचं. चौघांनी तिला बाजेवरच फाट्यापर्यंत उचलून नेलं. तेंदूपत्त्याची पोती नेणारा ट्रक फाट्यावर उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, जागा नाही. तू म्हणालीस, "दहा पोते उतरव. मी जबाबदार." त्याने उतरवली. गडचिरोलीपर्यंत तू पोत्यांवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस आणि दर थोड्या वेळाने वाकून ऐकत राहिलीस. इंजिनाच्या त्या गोंगाटातही. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली, लहानशी, काळसर-निळी, मग रडली. सासूने तुझे पाय धरले तेव्हा तू मागे सरलीस. "माह्यं काय त्यात? तेच बोलून राह्यलं होतं."

मी तुला घाबरले त्या दिवशी, आई. रागावलेल्या माणसाला घाबरतात तशी नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहताना जसं होतं, तसं. घरी परत येऊन तू आंघोळ केलीस, भात टाकलास आणि दुसरी कॅसेट लावलीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून विचार करत राहिले की एवढं ऐकू येणाऱ्या माणसाची मी मुलगी कशी.

आता कधी कधी, सगळ्यांत जुन्या ध्वनिमुद्रणात, मला ती संथ भागातली गिटार सापडते. एखाद-दोन सूर, मग पुन्हा हरवते. मी वहीत कोणाचं वादन कसं ते लिहिते, तू गेल्यावर ती वही दाखवण्यासारखं कोणी उरलं नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार. म्हणून एक सांगून टाकते. बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागली, तेव्हा मी एकटीच बघायला गेले होते. तू धानोऱ्याच्या स्टँडवर माझी वाट पाहत उभी होतीस. मी एसटीतून उतरले आणि म्हटलं, नाव नाही आलं. तू माझी पिशवी घेतलीस. "होते असं. बँकेची परीक्षा दे." मी दिली, नोकरी लागली, बरी केली. तू कधी तो विषय काढला नाहीस.

नाव होतं, आई. वरून नववं. मी ते दोनदा वाचलं.